नाकाशी धरलेली चप्पल

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग निवलेला नाही. आज तो लिहूनच टाकते.

तेलगावच्या शाळेत तुम्ही आम्हाला विज्ञान शिकवायचात. मी पहिल्या बाकावर. फळ्यावर खडूनं मेंदू काढून तुम्ही सांगताय की फेफरं म्हणजे बाहेरची बाधा नव्हे, मेंदूतल्या विजेचा थोड्या वेळाचा गोंधळ. माणसाला कुशीवर वळवायचं, तोंडात काही कोंबायचं नाही, नाकाला काही हुंगवायचं नाही. सगळा वर्ग वहीत उतरवून घेतोय. आणि त्याच आठवड्यात घरी तुमची थोरली लेक, अक्का, भाकरी थापता थापता कोसळते, तेव्हा तुम्ही माझ्यावर ओरडता, "आधी चप्पल आन." मी उंबऱ्याबाहेरची तुमची चामडी चप्पल आणून देते आणि तुम्ही ती तिच्या नाकाशी धरता. चौदा-पंधरा वर्षांची पोर ती. शुद्धीवर येताना तिला पहिला वास यायचा तो तुमच्या पायाचा. शाळेत सांगायचं एक आणि घरात करायचं दुसरंच, हे कसं जमत होतं तुम्हाला?

बरं, अडाणीपणा म्हणून सोडून द्यावं तर तसंही नाही. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यावर वर्षभर फिट आली नाही. मग अक्काची सोयरीक जमली आणि तुम्ही गोळ्या बंद केल्यात, सासरी कुणाला पाकीट दिसू नये म्हणून. गोळ्या अचानक तोडल्या की काय होतं, हे गावात तुमच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात ती सासरच्या चुलीवर पडली. उजव्या हाताला फडकं गुंडाळून घरी परत आली ती कायमचीच. त्यांनी आपल्याला फसवे म्हटलं, ते खोटं नव्हतं. तुम्ही मात्र म्हणालात, नशीब. त्या शब्दाची मला आजही चीड येते. आपल्या हातानं करायचं आणि नशिबावर ढकलायचं.

अक्का आता माझ्याकडे माजलगावला असते. गोळ्या वेळेवर घेते, आखडलेल्या बोटांनी शेंगा फोडते, आणि मी तुम्हाला बोल लावायला लागले की म्हणते, "अण्णा भ्यालते गं. दुसरं काय न्हाई." तिनं माफ केलं म्हणून मी का करावं? मी मानसशास्त्र शिकले. मेंदूचा आजार आणि त्या आजाराला भिणारं माणूस, दोन्ही एकदम समजून घ्यायचं हेच माझं काम. रोज कुणाकुणाची भीती समजून घेते मी. तुमची घ्यायची माझी तयारी नव्हती. शिकलेल्या माणसाला भ्यायची मुभा नाही, असं माझं म्हणणं.

आज दवाखान्यात गेवराईकडचा एक बाप लेकीला घेऊन आला. खुर्चीवर टेकायच्या आधीच म्हणाला, "म्याडम, कागदावर फिट लिवू नका, चक्कर लिवा. सोयरीक जमायलीय." माझं डोकंच फिरलं. तुमच्यासमोर मला कधी बोलता आलं नाही ते सगळं त्याला सुनावलं. मेंदू, वीज, गोळ्या, चूल, काही बाकी ठेवलं नाही. तो मान खाली घालून ऐकत होता. माझं बोलणं चालू असतानाच पोरगी खुर्चीवरून घसरली आणि फरशीवर झटके द्यायला लागली. तो खाली बसला, तिला कुशीवर वळवलं, खांद्यावरचा रुमाल घडी करून डोक्याखाली सरकवला आणि तिच्या पाठीवर हात ठेवून गप वाट बघत राहिला. मागच्या खेपेला सिस्टरनं त्याला एकदाच दाखवलं होतं म्हणे.

कागदावर मी फिटच लिहिलं. ते बदलणार नाही.

पण हे पत्र कुठं टाकायचंच नाही, म्हणून एक सांगते. अक्कालाही सांगितलेलं नाही. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी पोरीवर वाकलेली होते, आणि माझी एक चप्पल माझ्या हातात होती.