सहीवर बसलेला बारकोड

शनिवार संध्याकाळ, मुलुंड

मुखपृष्ठं रंगवणाऱ्यांनो, आपली सही दरवेळी बारकोडखालीच का जाते? उद्याच्या सभेत सुरुवात हीच.

आज अंधेरीच्या ऑफिसात संपादकासमोर नवं कॉमिक आपटलं. राक्षसाचं नख न् नख शाबूत, फक्त खालच्या कोपऱ्यातल्या माझ्या सहीवर बारकोड. तो हसला. "अगं, पोरं राक्षस बघून घेतात, तुझं नाव बघून नाही ना!"

मग राक्षस काढला कुणी रे? तिथे का नाही बोलले मी? सभा गाजवणारी मी, आणि मुकाट जिना उतरले! बारकोड डोळ्यांसमोरून हलत नाही. याचा सूड घेणारच. बघू, आता काय झाकतो ते.

दोस्तांनो, कोपरा सोडा. पुढच्या चित्रात सही थेट नायकाच्या छातीवर करा!