कुसाबाईच्या चौकशा

२७ जून
महेशचा पुण्याहून फोन. "आई, नाशकात एक संस्था आहे. एकट्या म्हाताऱ्या माणसांकडे आठवड्यातून एकदा जायचं, बोलत बसायचं. वर्षभराची सेवा. तुझं नाव देऊ?" म्हटलं, तुला माझ्या रिकाम्या वेळेची एकदम एवढी काळजी कशी काय? तर म्हणे, "सहजच!" काहीतरी शिजतंय. मला घराबाहेर काढायचं आणि मागे फ्लॅट कोणाला तरी दाखवायचा – तेच असणार. किल्ली आहेच त्याच्याकडे.
तरी हो म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. हे गेल्यापासून दुपारी घर फार मोठं वाटतं.

३० जून, रविवार
संस्थेचं प्रशिक्षण. इंदिरानगरात एका बंगल्याच्या गच्चीवर, पत्र्याखाली. सुवर्णा नावाची मुलगी सगळं बघते. गोड बोलते, म्हणजे जपूनच राहायला हवं.
तीन प्रश्न शिकवले. जेवण जातं का, झोप लागते का, मुलांचा फोन येतो का. हळूच विचारायचे. माणसाचे हात कशात तरी गुंतवायचे, म्हणजे ते बोलतं होतं. आणि "मी सेवेला आलेय" असं चुकूनही म्हणायचं नाही! निळ्या पट्टीचं ओळखपत्र दिलं आणि वर म्हणते, "घालून जाऊ नका हं काकू, समोरच्याला ओशाळं वाटतं." मग दिलं कशाला?
अख्खी नोकरी परीक्षेच्या वर्गात फेऱ्या मारण्यात गेली माझी. बाहीतली चिठ्ठी मला पाठमोरी असतानासुद्धा दिसायची. इथेही कोणाच्या तरी बाहीत काहीतरी आहे.

४ जुलै, गुरुवार
पहिली भेट. मखमलाबादच्या पुढे, मळ्यातलं घर. कुसाबाई. सत्तरीची असेल. गुडघे गेलेत, शेतात उतरता येत नाही. मुलगा सोमनाथ आणि सून दिवसभर मळ्यात, नाहीतर मार्केटात. ही ओट्यावर पोतं अंथरून भाजीच्या जुड्या बांधत बसते. अंगणात एक शेळी.
मी तोंड उघडायच्या आत – "या बाई. जेवण जातं का नीट?"
जातं, म्हटलं.
"आन् झोप?"
छान लागते.
"लेकाचा फोन?"
रोज.
अरेच्चा! हे तर मी विचारायचे! हिला कसे पाठ? माझ्याआधी दोघीतिघी येऊन, कंटाळून पळाल्या असणार. सुवर्णाने हे बरं सांगितलं नाही! आणि मी उलटं विचारलं तर म्हणते, "माझं काय म्हातारीचं, तुमचं सांगा."
वर मेथीचा ढीग पुढ्यात सरकवला. "हात रिकामं ठिवू नका." म्हणजे फुकटची मजूर मिळाली!

११ जुलै
जुडी बांधणं वाटतं तेवढं सोपं नाही. "एवढं आवळू नका बाई, काड्या मोडत्यात." तिच्या जुड्या क्रेटमध्ये, माझ्या बाजूला. का, ते निघताना कळलं. फाटकातून मागे पाहिलं तर शेळी चरत होती. माझ्या जुड्या!

८ ऑगस्ट
तेच तीन प्रश्न. तीच तीन उत्तरं. दोघींनाही पाठ.

२९ ऑगस्ट
पाणी प्यायला आत गेले. भिंतीवरच्या कॅलेंडरमागून निळी पट्टी डोकावत होती. आपल्या संस्थेची! हात लावणार, एवढ्यात बाहेरून – "सापडला का तांब्या?" आवाज जरा घाईचा.
आधीच्या कोणा सेवेकरीणबाईचं ओळखपत्र हिने ठेवून घेतलंय. कशाला पण? सुवर्णाला फोन केला. तिने भलताच विषय काढला. "काकू, तुम्ही कशा आहात? जेवलात का तिकडे?" कुसाबाई कशी आहे हे ही मुलगी कधी विचारतच नाही. नोंद करून ठेवते.

१७ ऑक्टोबर
माझ्या जुड्या आज क्रेटमध्ये गेल्या! कुसाबाईने नुसत्या उचलून रचल्या. मला एवढा आनंद कशाचा झाला? पोरीसारखा!
दुपारी तिने मार्केटातल्या व्यापाऱ्याची नक्कल केली. जुडी नाकाशी धरून, तोंड वाकडं करून – "आवं मावशी, ही मेथी हाय का गवात?" मी हसले. मोठ्याने. मग तिने जेवायला बसवलं. भाकरी, ठेचा, पातीचा कांदा. ती अर्धी अर्धी वाढत राहिली, मी खात राहिले.
निघाले, छत्री राहिली म्हणून परत फिरले, तर कुसाबाई फोनवर. "आज बरी हाय. दीड भाकर खाल्ली. लय दिसांनी." मला पाहून फोन ठेवला.
शेळीबद्दल असावं. शेळीला भाकरी घालतात का? घालत असतील.

७ नोव्हेंबर
दिवाळीत महेश आला होता. घरात कोणी फ्लॅट बघून गेल्याची काही खूण नाही. मी कपाटाच्या दाराला दोरा लावून ठेवला होता, तो जसाच्या तसा. मग याला हवंय तरी काय?

१९ डिसेंबर
ताप. जायला जमणार नाही म्हणून फोन केला. अकराच्या सुमारास बेल वाजली. दारात कुसाबाई! सोमनाथने गाडीतून सोडलं म्हणे. लिफ्ट बंद. त्या गुडघ्यांनी दोन मजले चढून आली होती. हातात डब्यात मुगाची खिचडी.
मला झोपवून घरभर फिरली. फ्रिज उघडून पाहिला. दही आणि कालचा ब्रेड, दुसरं असतंय काय? ओट्यावरच्या गोळ्या पाहिल्या. गादी पाहिली, एकाच बाजूने दबलेली. मी पांघरुणातून सगळं बघत होते. काय हेरते आहे ही?
जाताना दारापाशी थांबली. ह्यांच्या चपला अजून तिथेच असतात. तिने त्या पाहिल्या. आपला पाय त्यांना लागू नये म्हणून भिंतीला धरून बाजूने गेली.
सगळं विचारते, मग हे का नाही विचारलं? खिचडी संपवली आणि रडले. तापामुळे असेल.

२० मार्च
काल रंगपंचमी. आज रिक्षावाले सगळे झोपलेले. चालत गेले मखमलाबादेला. तिने पाय शेकायला गरम पाणी दिलं. हिला माझ्याकडून नेमकं काय हवंय, ते अजून सापडलेलं नाही.

२२ जून, रविवार
आल्या आल्या वही उघडली. लिहिते.
संस्थेचा वर्षाचा कार्यक्रम, माझ्या घराजवळ गंगापूर रोडलाच. पैठणी नेसले. ओळखपत्र पहिल्यांदा गळ्यात घातलं. पुढच्या रांगेत बसले, शेजारी कुसाबाईसाठी जागा धरली. वाटलं, तिला बघायला बोलावलं असेल.
सुवर्णाने सेवेकऱ्यांची नावं पुकारायला सुरुवात केली. तिसरंच नाव – कुसाबाई! ती दारातूनच थेट स्टेजवर. सोमनाथचा हात धरून. गळ्यात निळी पट्टी.
माईक धरून म्हणाली, "मला बोलता येत नाय. माझ्या बाई शाळेतल्या हाय. मालक गेल्यापास्नं खात नव्हत्या, कोनाशी बोलत नव्हत्या. सुवर्णाताई म्हनली, तुम्ही सांभाळाल का? म्हटलं, आना. आता दीड भाकर खात्यात."
टाळ्या!
शेळी नव्हती ती. मी होते! वर्षभर सगळ्या जगावर संशय घेतला, आणि जिथे घ्यायचा तिथे शेळी दिसली मला.
ओळखपत्र काढून पर्समध्ये कोंबलं. माझं नाव यायच्या आत बाहेर पडले.

२३ जून
सुवर्णाला फोन. कोण कोणाची सेवा करत होतं, ते एकदा सांग म्हटलं. ती रडवेली. "काकू, दोघींनाही एकच सांगितलं होतं. नाहीतर तुम्ही कोणाकडून काही घेतलं असतं का? आणि कुसाबाई? दिवसभर एकट्या बसून भिंतीशी भांडायच्या. औषध सोडलं होतं. महेशदादा काय, सोमनाथभाऊ काय, दोघंही हात टेकून आले होते माझ्याकडे."
म्हणजे फ्लॅट नाही. फ्लॅट कधीच नव्हता.
कुसाबाईला माझं कळलंय का, विचारलं. "नाही. तुमचं नाव पुकारलंच नाही मग. त्या तुम्हाला शोधत होत्या, जागा धरून बसल्या होत्या."
म्हणजे आता हे माझ्या हातात आहे. एकच वाक्य – कुसाबाई, तुम्ही नाही, मी तुम्हाला सांभाळत होते. तिची पट्टी तिथल्या तिथे उतरेल. हे मनात आलं आणि बरं वाटलं. लिहून ठेवते, कारण खरं आहे.

२६ जून, गुरुवार
गेले नाही. फोन वाजत राहिला, उचलला नाही. संध्याकाळी मेथी आणली. जुडी सोडली, परत बांधली. पुन्हा सोडली. भाजी काही केली नाही.

३ जुलै, गुरुवार
गेले. ओळखपत्र पर्समध्ये, तिला दाखवायला घेतलेलं. कुसाबाईने मागचं काही काढलं नाही. मेथी पुढ्यात सरकवली. "झोप लागती का?"
"नाही," म्हटलं. "हे गेल्यापासून नाही."
मान वर न करता म्हणाली, "ठाव हाय. खोटं बोलताना तुम्ही जुडी लय आवळता."
पकडली गेले! मी!
मग मी विचारलं, "आणि तुम्हाला, कुसाबाई? तुम्हाला लागते?"
"लागती की," ती म्हणाली. आणि तिच्या हातातल्या काड्या कडकड मोडल्या.
आम्ही दोघींनी त्या जुडीकडे पाहिलं. ओळखपत्र मी बाहेर काढलं नाही. ती जुडी उचलून मी शेळीला घातली.