राखीव नमुना

१२ मार्च, गुरुवार

त्यांना बाटलीचं माहीत आहे!

सकाळी डॉक्टरीणबाई आल्या. दोन्ही हात समोर धरायला लावले, बोटं पसरून. थरथर पाहिली, नाडी धरली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "प्रयोगशाळेच्या फ्रिजमधली ती राखीव नमुन्याची बाटली अजून तिथंच आहे का?"

मी म्हटलं, कुठली बाटली?

त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "आणि घरी इस्त्रीच्या खोक्यातली?"

मी हात पांघरुणाखाली घेतले.

नीट लिहून ठेवते, कारण डोकं जागेवर नाही आणि अक्षर रेघ सोडून पळतंय. काम पाणी तपासण्याचं. विहिरी, टाक्या, नळ. आमच्या फ्रिजमध्ये सगळ्यात खालच्या कप्प्यात मागे एक तपकिरी बाटली आहे. तिच्यावर चिठ्ठी — 'राखीव नमुना, उघडू नये'. अक्षर माझं. आत व्होडका. नऊ महिने कुणी उघडली नाही, कारण आमच्याकडे चिठ्ठीवर लिहिलेलं सगळे पाळतात. शिस्त मीच लावली आहे.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. घरच्या रोजनिशीतसुद्धा नाही. तिच्याशीही खोटंच बोलत होते.

मग यांना कुणी सांगितलं?


१३ मार्च, शुक्रवार

दर चार तासांनी सिस्टर येते. घाम किती, मळमळ किती, उजेड टोचतो का, कानात आवाज येतात का, आज वार कोणता. प्रत्येकाला आकडा देते, बेरीज करते आणि बेरजेप्रमाणे गोळ्या. काल बेरीज मोठी होती, आज कमी. मला आकडा दाखवत नाही. गोळी गिळल्यावर जीभ वर करून दाखवायची!

गोळीचा रंग कालच्यापेक्षा फिका वाटला. मी विचारलं. म्हणाली, "मॅडम, तीच आहे, फक्त अर्धी." अर्धी कुणाच्या हिशेबानं? मला वाटतं बऱ्याचशा खडूच्याच असतील. वाटतं असं लिहितेय, माहीत आहे असं नाही. हा फरक अजून कळतो, एवढं बरं आहे.

परवा नवरा मला दारू सोडवायला इथं घेऊन आला. भरतीच्या कागदावर सही करताना त्याच्या आधी मीच पेन ओढून घेतलं — माझी भरती, माझी सही. त्याला म्हटलं, तूच कळवलंस ना? म्हणाला, मला हॉस्पिटलमधून फोन आला, तोपर्यंत मला काहीच माहीत नव्हतं. म्हणजे तू पितेस हे माहीत होतं, पण असं नाही.

असं म्हणजे कसं, हे विचारलं नाही मी.


१३ मार्च, संध्याकाळ

ही वही नवऱ्यानं परवाच खालच्या दुकानातून आणली. लिहायच्या आधी मी प्रत्येक पान उजेडासमोर धरून पाहिलं. कशासाठी, ते सांगता येणार नाही.


१४ मार्च, शनिवार

थोडी झोप लागली. सकाळी दंडात जीवनसत्त्वाचं इंजेक्शन. पेज पोटात राहिली.

आमच्या कामात नमुना आला की तीन गोष्टी आधी विचारायच्या. कुठून घेतला, कधी घेतला, कुणी घेतला. यातलं एक जरी नसेल तर नमुना परत. मीही तेच करायचं ठरवलं.

फ्रिजमधली बाटली कुणाला कळू शकते? सहकाऱ्याला. तो माझ्या शेजारी बसतो, पण आमच्या घरी कधी आलेला नाही, इस्त्रीचं खोकं त्याला ठाऊक असणं शक्य नाही. नवऱ्याला इस्त्री लागते, खोकं त्याच्या हाताखालचं. पण प्रयोगशाळेच्या दारातून तो आत आलेला नाही. दोघांनी मिळून केलं असेल? ते एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. तरी मी कागदावर दोन्ही नावांमध्ये रेघ ओढली आणि मग खोडली.

दुसऱ्या खाटेवर हेडबाई आहेत. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, झोपेच्या गोळ्या सुटत नाहीत म्हणून आल्यात. सारखं बोलतात. मी लिहायला लागले की मान उंच करतात. आज म्हणाल्या, "लिहा लिहा, शुद्धलेखन मी मागाहून बघते."

त्यांनी आपली गोष्ट सांगितली. एक दिवस सकाळी उठल्या तर स्वयंपाकघरातले सगळे डबे रिकामे, घासून पालथे घातलेले. कामवालीशी तीन दिवस भांडल्या, माझ्या डब्यांना हात का लावलास म्हणून. ती बिचारी रडून काम सोडून गेली. नंतर शेजारीण म्हणाली, बाई, परवा तुम्हीच डबे घासत होतात की, मी खिडकीतून हाक मारली तर तुम्ही ओ पण दिलीत! स्वतःच खो खो हसल्या.

मला ही गोष्ट का सांगितली? डॉक्टरीणबाईंनी सांगायला लावली असेल. मुद्दामच ठेवलंय त्यांना माझ्या खोलीत.


१४ मार्च, दुपारी

सापडलं!

डॉक्टरीणबाई समोर बसल्या होत्या, फाइल मांडीवर. नमुन्यांच्या चिठ्ठ्या उलट्या वाचायची मला वीस वर्षांची सवय आहे. 'संपर्क : ६ मार्च, दु. ३.४०. माहिती देणाऱ्याचे नाते : मोठी बहीण.'

ताई.


१५ मार्च, रविवार

भेटीची वेळ होती. ताई आली.

तिच्याशी दोन वर्षं नीट बोलणं नाही. भाचीच्या साखरपुड्यात मी पडले होते, म्हणजे पिऊन पडले होते, आणि तिनं सगळ्यांदेखत मला उचलून आत नेलं. ते मी तिला माफ केलेलं नाही. पडल्याचं नाही, उचलल्याचं. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच आहे.

आज तिनं केस काळे केले नव्हते. एकदम म्हातारी दिसली. खुर्ची ओढून बसली आणि माझ्या पायावरचं पांघरूण नीट करायला लागली. मी पाय ओढून घेतले.

म्हटलं, सहा तारखेला दुपारी तीन चाळीसला कुठं होतीस?

ती आधी गोंधळली. दाताच्या डॉक्टरकडे होते, म्हणाली. मी म्हटलं, फोन तूच केलास. ती म्हणाली, कसला फोन? मग मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. तुला माझी धिंडच काढायची होती, इथपर्यंत गेले. हेडबाई भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेऊन पडल्या होत्या.

ताई बराच वेळ आपल्या पर्सची चेन उघडत-लावत बसली. डॉक्टरीणबाईंनी तिला बुधवारचं सांगितलेलं दिसतं. बुधवारी इथले दिवस संपतात. हे आठ दिवस फक्त शरीर रिकामं करण्याचे, खरं काम पुढेच, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. पुढे चार आठवडे मागच्या इमारतीत राहायचं, त्यासाठी माझी सही हवी. नुसतीच घरी गेले तर परत पिणार, हे त्यांनी तोंडावर सांगितलं आहे. "आणि पुढच्या वेळी दारू तुटल्यावर झटका आला तर तुम्ही इथवर पोचालच असं नाही." मी त्यांना म्हटलंय, कुणी फोन केला ते कळल्याशिवाय सही करणार नाही. दगाफटका करून आणलेल्या जागी मी राहत नाही.

शेवटी ताई म्हणाली, "बरं, मीच केला फोन. झालं समाधान? आता सही कर, धाकटे."

मी विचारलं, फ्रिजमधल्या बाटलीवर काय लिहिलंय?

ती म्हणाली, "औषध."

लहानपणापासून ताईला खोटं बोलायला जमत नाही. लगेच कान लाल होतात. आजही झाले. तिनं फोन केलेला नाही.

मग ती कुणासाठी खोटं बोलतेय?


१६ मार्च, सोमवार

कुणीतरी ताईचं नाव लावून फोन केला. म्हणजे तिला ओळखणारं, मला ओळखणारं, दोन्ही जागा ठाऊक असलेलं. असं माणूस मला सापडत नाही. एकच वाट उरते. घरची रोजनिशी कुणीतरी वाचली. पण बाटल्यांचं तिच्यात नाही... की आहे? कधी अर्धवट शुद्धीत लिहून गेले असेन का?

नवऱ्याला निरोप पाठवला, माझ्या टेबलाचा खण उघड, रोजनिशी आण. किल्ली साखरेच्या डब्यात आहे, हेही सांगावं लागलं. म्हणजे ती जागाही गेली.

६ मार्च मी मुद्दाम आठवून पाहिला. शुक्रवार. शाळेच्या टाकीचा नमुना बुधवारपासून आलेला होता. शाळावाले सारखे विचारत होते, मुलांना पाणी सुरू करायचं का. दुपारी अहवाल दिला. मग डोकं दुखतं म्हणून घरी आले. त्यापुढे एकदम दुसऱ्या दिवशीची सकाळच आठवते.

अहवाल दिला म्हणजे नमुना तपासला असणारच. न तपासता मी सही करत नाही. वीस वर्षांत एकदाही नाही.

मग आठवत का नाही?


१७ मार्च, मंगळवार

बेरीज आज एक आकडी. सिस्टरनं आपणहून दाखवली! हात स्थिर आहे. आजचं अक्षर माझं वाटतं.

नवरा रोजनिशी घेऊन आला. पिशवीतून काढून माझ्या हातात दिली आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला, पाठ माझ्याकडे करून. मी आधी तिच्यावरचं रबर तपासलं. त्याचे मी नेहमी दोन वेढे घालते, दुसरा वेढा पिळून, त्यात पेनाचं टोपण अडकवते. कुणी उघडलं तर तस्संच परत लावणं अवघड आहे.

तस्संच होतं.

म्हणजे कुणी वाचलेली नाही. त्यानंही नाही. मी इतके दिवस त्याला मनात काय काय म्हणत होते.

तो म्हणाला, "अगं, मला खरंच माहीत नव्हतं. इथल्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर इस्त्रीच्या खोक्याचं सांगितलं, मी जाऊन पाहिलं. रोज सकाळी ते खोकं मी हातात घेत होतो गं." आणि रडला. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पहिल्यांदा पाहिलं. मी त्याला माझा पाण्याचा पेला दिला. त्यानं पिऊन परत दिला, जेवून घे म्हणाला, गेला.

रोजनिशी उशीखाली आहे. उघडली नाही अजून. उघडायचं काही कारण नाही, कुणी वाचली नाही हे तर कळलंच. ६ तारखेचं पान कोरंच असणार. त्या दिवशी मी काही लिहिलेलं मला आठवत नाही.

हेडबाई म्हणाल्या, "वही आणवलीत आणि बघत नाही? निकाल लागल्यावर माझ्या शाळेत काही मुलं अशीच फलकाकडे पाठ करून उभी राहायची."

यांना कुणी विचारलंय?


१८ मार्च, बुधवार

पान कोरं नाही.

अक्षर माझं आहे, खाली घसरत गेलेलं. दोन ठिकाणी कागद फाटेपर्यंत पेन दाबलेलं.

'शाळेच्या टाकीला पिण्यास योग्य लिहून दिलं. नमुना उघडलाच नव्हता.'

त्याखाली इथला फोन नंबर.

'दोन्ही बाटल्या सांग. नाहीतर उद्या शुद्धीत आल्यावर ती लपवेल.'

'कोण बोलतंय विचारलं तर — मोठी बहीण.'

सिस्टरकडून फोन मागून घेतला. आधी प्रयोगशाळेत. सहकाऱ्याला सांगितलं, शाळेची टाकी आत्ता बंद करायला लाव, नवा नमुना घे, माझी सही धरू नकोस, आणि खालच्या कप्प्यातली राखीव बाटली ओतून टाक. तो म्हणाला, पण त्यावर उघडू नये लिहिलंय. म्हटलं, मीच लिहिलंय, उघड.

मग ताईला लावला. पहिल्याच रिंगला उचलला. मी हॅलो म्हणायच्या आत तीच म्हणाली, "सही केलीस का गं?"

डॉक्टरीणबाईंकडून फाइल मागून घेतली. चार आठवड्यांच्या कागदाखाली सही केली. मग फाइलच्या पहिल्या पानावरचं 'मोठी बहीण' खोडलं आणि 'स्वतः' लिहिलं.