एकटीचं ताट

७ फेब्रुवारी

सँडल फेकून मारली. नवऱ्याच्या भुवईवर बसली. रक्त आलं — बरं वाटलं!

आज पगार. आमच्याकडे पगाराचा दिवस म्हणजे भांडणाचा दिवस, शेजाऱ्यांनाही पाठ झालंय. घरी आला तो दोन्ही हातांत पिशव्या. स्वतःला चामड्याचं जाकीट, कारखान्यातल्या टोळभैरवांसाठी बाटल्या, आणि मला लाल सँडल. उंच टाचांच्या! मी दिवसभर रबरी बूट घालून प्रेससमोर उभी असते. त्या घालून कुठे मिरवू? म्हटलं, खोलीचं भाडं? म्हणे, "देऊ की. मालक काय पळून चाललाय?" म्हणून फेकली.

मग त्याने माझे केस धरले आणि डोकं कपाटावर आपटलं. मग मी कुकरचं झाकण उचललं. मग तो हसायला लागला. हेच मला सहन होत नाही. मारामारी चालू असताना मध्येच हसतो मेला.

डोक्याला टेंगूळ आलंय. दुसरी सँडल खोक्यात आहे.

९ फेब्रुवारी

कानात प्रेस चालूच आहे. सुट्टीच्या दिवशीसुद्धा थांबत नाही.

दिवसभर बिजागऱ्या कापते. पत्रा साच्यात सरकवायचा, दोन्ही बटणं दोन हातांनी एकदम दाबायची, वरून धाडकन घाव. दोन्ही हात बटणांवर असले की साच्यात एकही असू शकत नाही. ज्याने यंत्र बनवलं त्याला एवढी तरी अक्कल होती. पण पैसे नगावर! म्हणून सगळ्याजणी डावं बटण सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने बांधून टाकतात. बटण दाबलेलंच राहतं, डावा हात पत्रा सरकवायला मोकळा. माल दीडपट निघतो. सुपरवायझर आला की वर चिंधी टाकायची. त्यालाही माहीत आहे, तो चिंधीकडे बघून पुढे जातो.

शेजारच्या प्रेसवरच्या भोंग्याची करंगळी अर्धी गेली, तरी ती बांधते. (भोंगा हे नाव मी नाही ठेवलं. ती बोलली की पाळी संपली असं वाटून लोक हात धुवायला जातात!) मी बांधत नाही. माझा माल कमी, पैसे कमी, सगळ्याजणी हसतात. हसू देत. मला हे हात साठीपर्यंत पुरवायचेत.

आणि पगार कमी दिसायचं दुसरंही एक कारण आहे. ते नवऱ्याला माहीत नाही. माहीत झालं तर घरात रक्ताचा सडा पडेल.

१२ फेब्रुवारी

झालं माहीत.

भोंगाच बरळली. नवरा आमच्याच शेडमध्ये डाय-सेटर, म्हणजे प्रेसमध्ये साचे बसवणं याचं काम. माझ्याच प्रेसचे बोल्ट आवळत होता आणि ही बया हसत म्हणाली, "तुझी बायको म्हातारपणी राणी होणार रे! दर महिन्याला फंडात कापून घेते, लग्नाआधीपासून!" त्याने पाना खाली ठेवला. माझ्याकडे नुसतं बघितलं. 

घरी दार लावलं आणि थोबाडीत दिली. ओठ फुटला. "एवढी वर्षं! मी उसनवारीवर महिना ढकलतोय आणि तू पैशांवर बसलीस!" मी पण गप्प बसणारी नाही — तवा घेऊन त्याच्या खांद्यावर दोन घातले. खुर्ची मोडली. आरसा फुटला. म्हणे काढ ते पैसे, आपण जुना टेम्पो घेऊ. म्हटलं, निघत नाहीत. साठी झाली तर निघतात, मेले तर निघतात, नाहीतर हात-पाय गेला तर. म्हणे, "म्हणजे तुझ्या फंडाला माणूस धडधाकट चालत नाही!"

मग नेहमीची रेकॉर्ड लावली. याच्या बापाने जन्मभर एका सदऱ्यावर दिवस काढले, पै-पै साठवली, आणि नोकरीचा शेवटचा महिना भरायच्या आत गेला. पैसे सगळे चुलत्याने ढापले. "माझा बाप उद्यासाठी जगला. उद्या आलाच नाही. मी आजच खाणार!" शंभरदा ऐकलंय. एरवी ऐकून घेते. आज ओठातून रक्त गळत होतं, डोकं ठिकाणावर नव्हतं. म्हटलं, "खा आज! पोटी पोर नाही, म्हातारपणी तुला कोण घालणार? माझ्या भरवशावर राहू नकोस. मी साठवतेय ते माझ्या एकटीचं ताट आहे. तुझं ताट त्यात नाही!"

मारायला हात उचलला होता त्याने. तसाच खाली घेतला. हसला पण नाही.

१३ फेब्रुवारी

अबोला. ओठाला टाका पडला. प्रेसवर सगळ्यांना सांगितलं, दार लागलं.

१५ फेब्रुवारी

आज गेटवर रक्त सांडलं, पण आमचं नाही.

तात्या म्हणजे आमच्या शेडचा झाडूवाला. सत्तरीच्या पुढचा. एके काळी इथलाच पहिल्या नंबरचा डाय-सेटर, माझ्या नवऱ्यालाही कामाला त्यानेच तयार केलं. मिळवलं तेवढं खाल्लं, सगळ्या शेडला खाऊ घातलं, आता त्याच शेडमध्ये पत्र्याचा चुरा गोळा करतो. सुटताना वॉचमनने त्याच्या पिशवीची झडती घेतली. पितळेचे चार तुकडे निघाले. भंगारात विकून औषध आणणार होता म्हणे. वॉचमनने सगळ्यांदेखत काठीने फोडून काढलं म्हाताऱ्याला! पाठीवर, नडग्यांवर. तात्या ओरडत पण नव्हता, नुसता डोकं धरून बसला.

आम्ही सगळे बघत उभे. हा मात्र रांगेतून सुटला तो सरळ वॉचमनच्या नाकावर. नाक मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. काठी हिसकावून त्याच्याच पाठीवर मोडली. तिघांनी ओढलं तेव्हा सुटला. आठवड्याचा पगार कापला जाणार. शाबास! भाडं थकलंय आणि हे चालले दुसऱ्याची भांडणं लढायला.

तात्याला खांद्यावर टाकून घरी पोचवलं. परत आला तो भिंतीकडे तोंड करून झोपला. सदऱ्यावर म्हाताऱ्याचं रक्त तसंच.

१८ फेब्रुवारी

 

भोंगा डबा खाताना म्हणाली, "तुझा नवरा परवा क्लार्कच्या खिडकीशी किती वेळ उभा होता. फंडाचंच विचारत होता. मी मागेच होते. हात गेला तर किती मिळतात, लगेच मिळतात का, सगळं खोदून खोदून!"

डबा तसाच झाकला.

हात गेला तर. कुणाचा? फंड माझा आहे. मग हातही माझाच! आणि माझ्या प्रेसमध्ये साचा रोज सकाळी कोण बसवतो? एक बोल्ट ढिला ठेवला की झालं. जाऊन विचारावं असं वाटलं, पण विचारलं तर तो सावध होईल. टेम्पो पाहिजे ना! बायकोचा पंजा देऊन टेम्पो!

नवरा मारतो ते माहीत होतं. मीही मारते. रागाच्या भरात मारणं वेगळं. हे तर खिडकीवर जाऊन भाव विचारणं झालं.

१९ फेब्रुवारी

उशीखाली हातोडी घेऊन झोपते.

२१ फेब्रुवारी

सकाळी त्याने साचा बसवला की मी प्रत्येक बोल्ट हलवून बघते. त्याच्यासमोरच. तो बघतो. काल नुसतं म्हणाला, "माझ्या हातचा बोल्ट कधी सुटला नाही." म्हटलं, "म्हणूनच बघते."

भाडं दिलं म्हणे त्याने. कुठून? विचारलं नाही. जाकीट खुंटीवर दिसत नाही. पत्त्यांत हरला असेल.

मारामारी बंद आहे. त्याचीच जास्त भीती वाटते. हाणामारीत माणूस काय करणार ते कळतं तरी.

२४ फेब्रुवारी

मारलं. फोडला हात. लिहून टाकते, नाहीतर डोकं फुटेल.

सकाळी प्रेसवर गेले. हा साचा बसवत होता, उजवा पंजा टेबलावर पालथा टेकवलेला, डाव्याने चाचपत होता. माझ्या डाव्या बटणावर चिंधी पडलेली. मी कधी चिंधी टाकत नाही! उचलली. खाली पट्टी — काळी ट्यूब, घट्ट बांधलेली, बटण आत दाबलेलं. मी पत्रा सरकवायला डावा हात आत घातला असता आणि उजवा चुकून बटणावर पडला असता तर... मनगटापासून! डोळ्यांसमोर दिसला मला माझा हात साच्यात पडलेला.

त्याचा मोठा पाना शेजारीच होता. दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या पंजावर घातला. एकदा. मग परत. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा भोंग्याने मागून कव घातली.

तो किंचाळला नाही. खाली बसला आणि हाताकडे बघत राहिला. बोटं कुठल्या कुठे वळलेली. मग माझ्याकडे वर बघून म्हणाला, "काय केलं मी?"

काय केलं म्हणे! मी त्याच्या तोंडावर थुंकले.

२५ फेब्रुवारी

तीन बोटं काढली. अंगठा आणि करंगळी राहिली.

डॉक्टरला त्याने सांगितलं, साचा निसटून हातावर पडला. सुपरवायझरलाही तेच. आणि अख्खी शेड "हो, साचाच पडला" म्हणाली! त्याच्या हातचा बोल्ट कधी सुटला नाही हे सगळ्यांना माहीत असून.

मला वाचवतोय असं भोंगा म्हणते. कसलं वाचवतोय! साच्याने हात गेला तर भरपाई मिळते, नवरा-बायकोच्या भांडणात गेला तर मिळत नाही. हिशेबी आहे. माझा हात मिळाला नाही तर स्वतःचा विकतोय.

२७ फेब्रुवारी

भरपाई नाही. सुपरवायझरने "स्वतःचा निष्काळजीपणा" लिहिलं आणि त्याच्या जागी दुसरा सेटर उभा केला. बरं झालं! बरं झालं!

घरी आणलंय. डाव्या हाताने जेवतो, अर्धं सांडतं. सदऱ्याची बटणं लावता येत नाहीत. मी लावते. लावताना त्याच्या तोंडाकडे बघत नाही.

२ मार्च

दुसऱ्या पाळीत माझ्याच प्रेसवर एक चष्मेवाली असते. आज पाळी बदलताना हात धुवायच्या नळापाशी वाट बघत थांबली होती. म्हणाली, "ताई, एक सांगू? मारणार नाही ना?"

पट्टी तिची होती.

रोज बांधते, जाताना सोडते. तेवीसच्या रात्री मूल तापलं म्हणून निरोप आला, ती तशीच पळाली. सुपरवायझरला दिसू नये म्हणून वर चिंधी टाकली. दुसऱ्या दिवशी घडलेलं ऐकलं आणि तोंड उघडायची हिंमत झाली नाही.

मारलं नाही तिला. हातच उचलेना. नळ चालू राहिला, तिनेच बंद केला.

पण मग तो खिडकीवर गेला होता कशाला? तेवढं तरी खरं आहे ना? ते खरं असू दे. ते खरं असलंच पाहिजे, नाहीतर मी काय केलं?

४ मार्च

सांगितलं त्याला पट्टीचं. ऐकून घेतलं. म्हणाला, "मला वाटलं, सँडलवरून अजून राग आहे." आणि हसला. मी मोरीत जाऊन ओकले.

त्याने माझा ओठ फोडला होता, डोकं कपाटावर आपटलं होतं. तेही खोटं नाही. रोज स्वतःला बजावते. उपयोग होत नाही.

७ मार्च

पगार. त्याचाही उरलेला घ्यायला मीच खिडकीवर गेले. क्लार्क म्हणाला, "यांचा हप्ता आता बंद करायचा ना?" म्हटलं, कसला हप्ता? म्हणे, "फंडाचा. तात्याला मारलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आले होते खातं उघडायला. सगळं विचारलं — साठीला किती, हात गेला तर किती, आधीच गेलो तर बायकोला लगेच मिळतात का. वारस तुम्ही. मी म्हटलं, एवढ्या वर्षांनी कसं काय सुचलं? तर म्हणाले, बायको तिच्या ताटात घेत नाही, माझं ताट मलाच आणायला हवं."

हा पहिला हप्ता कापला गेलाय. बंद करू ना, त्याने परत विचारलं.

नको म्हटलं. माझ्या पगारातून कापा. त्याच्या नावावर.