पायांची खानावळ

मंगळवार, ५ मार्च

दूध वर येताना गॅस बारीक केला, ह्यांच्या शर्टाला बटण लावलं, दोरा दातांनी तोडला, अंथरुणं उचलली – आणि हे हत्यारांची पिशवी भरता भरता म्हणाले, "चाललो तुझ्या सवतीकडे जेवायला!" मी पाठमोरीच म्हटलं, "जा, जा. शर्टही तिच्याकडूनच धुऊन आणा." असल्या सकाळी किती आल्या नि गेल्या. आज लेकीच्या घरी, बाराव्या मजल्यावर, जाग आली ती नेमकी त्याच सकाळीत. क्षणभर हात गॅसचं बटण शोधत होता.

सवत म्हणजे ह्याच शहरातली एक खानावळ! हे लिफ्ट बसवायचे. इथे काम निघालं की आठवडेच्या आठवडे मुक्काम. घरी परतले, पहिला घास घेतला की ठरलेलं वाक्य – "तिथला रस्सा! काय सांगू तुला!" मग मी चिडायची. दुसऱ्या दिवशी मसाला आणखी नीट भाजायची, वाटण आणखी बारीक करायची. जन्म गेला त्या खानावळीशी शर्यत लावण्यात.

नाव कधी सांगितलं नाही. "पायांची खानावळ" म्हणायचे. रस्त्याच्या खाली आहे म्हणे, पायऱ्या उतरून जायचं. जेवताना खिडकीतून फक्त जाणाऱ्या-येणाऱ्यांचे पाय दिसतात. त्या पायांवरून हे माणसं ओळखायचे – हा कर्जबाजारी, ही नवी नवरी, हा बायकोला घाबरून घरी निघालाय. रंगवून सांगायचे. एकदा घेऊन जाईन तुला, म्हणायचे.

ह्यांना जाऊन वर्ष उलटलं.

मंगळवार, दुपारी

लेकीनं मला इथे का आणलं तेही लिहून ठेवते. ती न सांगता घरी आली, थेट स्वयंपाकघरात गेली. "आई, हा सिलिंडर कधीचा?" "आहे." "बाबा होते तेव्हाचा?" मी म्हटलं, "हल्ली गॅस चांगला येतो हो!" ती हसली नाही. चहा आणि बिस्किटं – दुसरं मी काही करत नव्हते, हे तिला कळलं. कुणासाठी करायचं? एकटीसाठी कांदा चिरायला बसले की हात थांबतो.

आता तिचं म्हणणं – घर विकू, तू इथेच राहा. मला नाही राहायचं. माझं घर, माझं वाचनालय, माझी खिडकीतली खुर्ची. पण घास उतरत नाही ही गोष्टही खरी, मग तोंड वर करून बोलणार काय!

बुधवार, ६ मार्च

लेक-जावई दोघं कामाला गेली. टेबलावर चिठ्ठी – "फ्रिजमध्ये सगळं आहे. बाहेर जाऊ नकोस, रस्ते मोठे आहेत."

रस्ते मोठे आहेत म्हणे! ह्या रस्त्यांवरच्या कितीतरी इमारतींतून माझा नवरा वर-खाली करून गेलाय. निघाले. लिफ्टमधली पाटी वाचली – "क्षमता". हा मी आयुष्यात वाचायला शिकलेला पहिला मोठा शब्द. शाळा चौथीतच सुटली. ह्यांनी आणलेल्या लिफ्टच्या माहितीपुस्तकांवरून मी अक्षरं पुन्हा लावत गेले. मग कादंबऱ्या. पण सुरुवात "क्षमता" आणि "धोका" ह्यांनी.

खाली पोस्टमन भेटला. त्याला म्हटलं, "इथे चांगलं जेवण कुठे मिळेल?" त्यानं समोरच्या काचेच्या हॉटेलाकडे हात केला. तेव्हा ह्यांची शिकवण आठवली. हे म्हणायचे – परक्या शहरात चांगलं कुठे मिळतं असं विचारायचंच नाही, लोक आपल्याला शोभेल असं काहीतरी सांगतात. तुम्ही कुठे जेवता, असं विचारायचं. आणि विचारायचं तेही दिवसभर पायांवर असणाऱ्या माणसाला.

"तुम्ही कुठे जेवता?"

आता त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "मी होय? मी मागच्या गल्लीत. पण तुम्हाला चालेल का तिथलं?"

"तुम्हाला चालतं ना?"

"मला तर पळतं!" म्हणाला.

गेले. स्वच्छ, गजबजलेलं, बाकांवर माणसं खांद्याला खांदा लावून. वाढप्यानं विचारलं, "किती जण?" आणि तोंडातून निघून गेलं – "दोघं."

त्यानं दोन ताटं मांडली, दोन पेले भरले. खरं सांगायचा धीर होईना. "येतायत," म्हटलं. ताट निम्मं संपवलं. समोरचा पेला तसाच. उठताना वाढपी म्हणाला, "आले नाहीत वाटतं?"

"कामात असतील."

बाहेर आल्यावर रडू येईल वाटलं होतं. नाही आलं. उलट ताठ चालत आले! एवढ्या मोठ्या शहरात, एकटीनं, स्वतःचं जेवण स्वतः शोधून!

गुरुवार, ७ मार्च

आज "एकटीच" म्हणाले. जीभ अडखळली, पण म्हणाले.

शनिवार, ९ मार्च

आज घरात माझा थाट आहे!

रुग्णालयाच्या दाराशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला विचारून एक जागा सापडली – मासे असे ताजे की वास नाही. बसच्या कंडक्टर बाईनं दुसरी सांगितली, तिथे फक्त भाजी-पाव, पण पाव समोर भाजून देतात. काल दोघांना तिथे घेऊन गेले. लेक माझ्यामागून चालत होती, दर चौकात "आई, नक्की ना?" मी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

जावईबापूंनी बोटं चाटली. "सासूबाई, आम्ही इथे सहा वर्षं राहतोय आणि हे आम्हाला ठाऊक नाही!"

"तुम्ही फोनला विचारता, मी माणसाला," म्हटलं. जरा जास्तच बोलले. कारण आज जावईबापूंनी फोनमध्ये बघून एका ठिकाणी नेलं आणि तिथलं सूप इतकं सुरेख होतं की मला चूप बसावं लागलं. "कसं आहे?" त्यांनी मुद्दाम दोनदा विचारलं. "बरं आहे," म्हटलं. दोघंही हसून हसून लाल.

लेकीच्या ऑफिसातल्या मुली आता तिला म्हणतात, "आज कुठे जेवायचं, तुझ्या आईला विचार ना!" तिनं हे सांगितलं तेव्हा मी भांडी पुसत होते. तीच ती थाळी बराच वेळ पुसत राहिले.

पायांची खानावळ मात्र नाही सापडत. जावईबापूंनी फोनमध्ये तेच शब्द घातले. चपलांची दुकानं आली आणि एक पाय चोळून देणारा.

रविवार, १० मार्च

घराचं बोलणं झालं.

लेक शांतपणे बोलत होती, ते जास्त लागलं. "तू हिंडतेस, शोधतेस, मला किती बरं वाटतं. पण तुझ्या ताटात निम्मं राहतं. मी बघते गं आई. आणि परत गेल्यावर? तिथे कुठला पोस्टमन आणि कुठली खानावळ? स्वतःसाठी गॅस पेटवशील?"

"पेटवीन."

"इथे एकदा तरी पेटवलास?"

आल्यापासून तिच्या ओट्याकडे मी पाहुणीसारखी बघते. चहासुद्धा जावईबापू करतात.

"बुधवारी दलालाचा फोन येणार आहे," म्हणाली. "मी त्याला हो सांगू ना?" तिचे डोळे भरले होते. माझ्यावर रागावलेली नाही, घाबरलीय. बाप गेला, आता आई अशी. मी म्हटलं, "मंगळवारपर्यंत थांब."

मंगळवारी काय होणार होतं? मला काय ठाऊक! तोंडाला आलं ते बोलले.

सोमवार, ११ मार्च

सापडली!!

क्रमानं लिहिते, नाहीतर हात धावतो.

सकाळी चपलेचा पट्टा तुटला. बाजारपेठेच्या कोपऱ्यावर एक म्हातारा बूट-चपला शिवत बसलेला. तो टाके घालत होता तोवर मी विचारलं, "तुम्ही कुठे जेवता?"

"इथेच, खाली."

"खाली म्हणजे?"

"खाली म्हणजे खाली, मावशी. पायऱ्या उतरून."

मी त्याच्याकडे वाकले. "तिथल्या खिडकीतून... पाय दिसतात का हो?"

तो हसला. सगळे मिळून चार दात असतील. "पाय दिसतात, आणि मधोमध माझं बूड दिसतं! तीस वर्षं गिऱ्हाइकं तेवढीच तक्रार करतायत."

ह्यांनी बुडाचं कधी सांगितलं नव्हतं!

एका पायात चप्पल, दुसरी त्याच्याच हातात, तशीच उतरले. लहानशी जागा, सहा टेबलं, खिडकी छताला लागून. खरंच नुसते पाय. खिडकीखालच्या टेबलाशी बसले. ताट आलं. रस्सा आला. मी डोळे मिटून पहिला घोट घेतला, एवढ्या वर्षांची सवत बघायला.

पाणचट!

वाईट नाही, पण साधा. मसाला कच्चा राहिलेला, वर तेल. परत घेतला. तसाच. ह्याच्यासाठी मी जन्मभर जळले?

गल्ल्यावर माझ्याच वयाची एक जाडजूड बाई बसली होती. तिनं विचारलं, "का हो, आवडलं नाही?"

म्हटलं, "तसं नाही. माझे मिस्टर इथे जेवायचे. फार नाव काढायचे ह्या रश्श्याचं. लिफ्ट बसवायचे ते."

"ह्या रश्श्याचं नाव काढायचे? लिफ्टवाले? उंच, डाव्या हातानं जेवायचे ते?" ती गल्ल्यावरून उठलीच. "अहो, त्यांनी तर आमचा छळ मांडला होता! पहिला घास घेतला की सुरू – आमच्या घरी असं नसतं. आमच्या घरी मसाला भाजतात. आमच्या घरी वाटण लोण्यासारखं असतं. माझा नवरा वैतागून म्हणायचा, आले बघ 'आमच्या घरी'! तेच नाव पडलं त्यांचं." मग आत तोंड करून ओरडली, "अगं, बाहेर या गं सगळ्या! 'आमच्या घरी' आल्यात!"

आतून तिची सून आणि आणखी एक बाई ओले हात घेऊन धावत आल्या. माझ्याकडे अशा बघत होत्या की जणू मी कुठली पुढारी!

"एवढी वर्षं आले," ती म्हणाली, "पण एकदाही परत भात मागितला नाही त्या माणसानं. एकदाही नाही!"

ह्यांची एक कसोटी होती. पोटभर कुणीही जेवतं, म्हणायचे, पण जिथे माणूस लाज सोडून परत भात मागतो तेच खरं जेवण. आणि घरी? "तिथला रस्सा!" म्हणून मला डिवचायचे, मी चिडून जीव ओतायची, आणि मग ताट पुढे – "भात वाढ. अजून वाढ." दर खेपेला. मला कधी उमगलंच नाही. लबाड माणूस! तिकडे माझी फुशारकी, इकडे तिची – आणि दोन्हीकडचं खाऊन मोकळा.

"आता कसे आहेत?" तिनं विचारलं.

सांगितलं. ती माझ्यासमोर बसली. थोडा वेळ दोघी वर पाय बघत होतो. मग तिनं हळूच डोळे पुसले आणि खणखणीत म्हणाली, "उद्या या. आत या. इतकी वर्षं नुसतं ऐकलंय, एकदा करून दाखवा."

"मी सोडलं आता. ते गेल्यापासून केलं नाही काही."

"मग काय, तुमचा नवरा खोटं बोलत होता म्हणू?"

काय बाई आहे! असा राग आला! असा राग मला वर्षभरात आला नव्हता. "खोटं?" म्हटलं. "मसाला माझ्यासमोर भाजायचा, आणि कढई मी सांगेन ती!"

वर आले तर म्हाताऱ्यानं चप्पल शिवून ठेवली होती. "जेवलात?" म्हणाला.

"उद्या जेवणार," म्हटलं.

मंगळवार, १२ मार्च

आज सकाळी खानावळीच्या पायऱ्या उतरून आत गेले, मसाला भाजला, रस्सा केला. दुपारी लेकीला तिथे बोलावून खिडकीखालच्या टेबलाशी शेजारी बसवलं. तिच्यादेखत मी ताट संपवलं आणि परत भात मागितला.