दुपारचा पंखा

बाबा,

तुम्ही फिरायला गेलात आणि आज मला लवकर निघायचंय, म्हणून लिहून ठेवतेय. कालपासून गच्चीवरचं सोलर सुरू झालंय. तीन जण बघून गेले, त्यातल्या त्या घुम्यालाच काम का दिलं, असं तुम्ही विचारत होतात ना? बाकीचे दोघे गच्ची मोजून गॅरंटीचं पुराण लावून बसले. याने आधी आपल्या मीटरचे तासातासाचे आकडे बघितले आणि म्हणाला, "ताई, दुपारी घराला कुलूप असतं का?"

मी म्हटलं, "नाही हो, सासरे असतात." आणि माझी मलाच लाज वाटली. एवढ्या उकाड्यात तुम्ही पंखा बंद करून बसता, हे सुनेला मीटरने सांगावं!

आता काटकसर उलटी करायची. वॉशिंग मशीन अकराला लावा आणि जेवण झालं की पंखा पाचवर. आपण वापरली नाही, तर आपली वीज तारेतून समोरच्या वकिलांच्या एसीला जाणार. चालेल तुम्हाला?

घरात किती वीज चाललीय, त्याची रेघ मला ऑफिसात मोबाईलवर दिसते. एक वाजता ती वर चढली, की मगच मी डबा उघडणार.