प्रिंटर माझ्या ताब्यात

३ नोव्हेंबर, सकाळ
आजपासून घरातल्या प्रिंटरचा ताबा अधिकृतपणे माझ्याकडे. आजवर लेक बघायची. ती नोकरीला परगावी गेली आणि जाताना शेजारच्या सर्वज्ञांना विचारत जा म्हणून सांगून गेली. सर्वज्ञ हे नाव मी ठेवलेलं आहे. त्या गृहस्थाला फ्रीजपासून शेअर बाजारापर्यंत सगळं कळतं, फक्त आपल्या घरी कधी जायचं ते कळत नाही. त्याला विचारणार नाही.

प्रकरण असं. बायकोला शाळेच्या गायनवृंदाची जाकिटं शिवायची ऑर्डर आहे. अठ्ठावीस नग. एवढी मोठी ऑर्डर तिला पहिल्यांदाच. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर तिला खडूने सरळ रेघ मारायचा धीर होत नाही, म्हणून लेकीने तिला कटिंगचे आराखडे कॉम्प्युटरवर काढायला शिकवलं. ते साध्या कागदावर छापायचे, पानं एकमेकांना चिकटवायची, कापडावर ठेवायची, कापायचं. छापायचं खातं माझं.

प्रत्येक आराखड्याच्या कोपऱ्यात एक चौकोन असतो. पाच सेंटिमीटरचा. छापल्यावर तो पट्टीने मोजून बघा, असं बायकोने मला दोनदा सांगितलं. मला! सगळी नोकरी वजनमापे निरीक्षक म्हणून काढली. माझ्या चपलांचा आवाज आला की बाजारातले तराजू आपोआप सरळ व्हायचे. आणि मी चौकोन मोजू?

संकल्प: मॅन्युअल वाचायचं नाही. ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी ते असतं.

४ नोव्हेंबर
छपाईत पांढरे पट्टे. रेघ म्हणून जे काही येतंय ते मुंग्यांची रांग वाटावी असं. कॉम्प्युटरमध्ये 'हेड क्लीनिंग' नावाचं बटण सापडलं. दाबलं. मशीन घरघरलं, खाकरलं, थांबलं. पट्टे तसेच. पुन्हा दाबलं. दिवसभर दाबत होतो.

संध्याकाळी कळलं की शाई संपत आली. म्हणजे हे यंत्र स्वतःची चूळ भरायला आपलीच शाई पितं! असला माणूस माझ्या ऑफिसात असता तर पहिल्याच आठवड्यात बदली केली असती. बायको म्हणाली की लेक एकदा क्लीनिंग करून तासभर तसंच सोडून द्यायची. मी म्हटलं, लेकीला वेळ होता.

शाई आणली. जरा थांबावं लागलं कारण जेवण झालं होतं आणि डुलकी लागली. उठून बघतो तर पट्टे गायब. घासून काम केलं की फळ मिळतं.

५ नोव्हेंबर
कागद अडकला. पुढून ओढला. अर्धा हातात आला, अर्धा आत राहिला. चिमटा, विणकामाची सुई, झाडूची काडी असे सर्व शास्त्रशुद्ध उपाय केले. काडी आत राहिली.

बायकोने परस्पर सर्वज्ञांना बोलावलं. आले, मागचं झाकण उघडलं, कागद काढला, काडी काढली, काडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, चहा प्यायले. मागे झाकण आहे हे मला माहीत होतं. उघडतं हे माहीत नव्हतं, एवढाच काय तो फरक. माणूस इतका वेळ बसला की मला वाटलं आता जेवूनच जाणार.

६ नोव्हेंबर
एका पानाच्या जागी चार-चार पानं ओढतोय. हावरट. बायकोचं मत, कागद दमट आहे, कारण गठ्ठा मी धुतलेल्या कपड्यांखाली ठेवला होता. कपडे कुणी तिथे वाळत घातले, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

उपाय माझा स्वतःचा: कागदांना इस्त्री केली. कडक झाले. पण पापडासारखे वळलेही, त्यामुळे आत जाऊन पुन्हा अडकले. मागचं झाकण उघडलं. आता हे काम मी डोळे मिटून करतो. अखेर नवा गठ्ठा उघडला. जुन्या कागदाची प्रतच हलकी होती.

७ नोव्हेंबर
कॉम्प्युटर म्हणतो, प्रिंटर ऑफलाइन आहे. प्रिंटर माझ्यासमोर. दिवा लागलेला. मी इथे, तो तिथे, मध्ये फक्त टेबल, आणि म्हणे ऑफलाइन! छापा म्हणून हुकूम दिला. ढिम्म. पुन्हा दिला. हाताखालच्या माणसांना मी एकच गोष्ट दहादा सांगत असे, दहाव्यांदा ऐकायचे.

लेकीला फोन केला. ती म्हणाली की वायफायचा डबा बंद करून परत चालू करा. डबा कुठला ते शोधत बसण्यापेक्षा मी घराचा मेन स्विचच बंद केला. आतून बायको ओरडली. तिचं मोटरवालं मशीन शिवणीच्या मध्यात थांबलं होतं. कामात व्यत्यय आला की बायका फार आरडाओरडा करतात.

स्विच चालू केल्यावर थोड्या वेळाने प्रिंटरला जाग आली आणि सकाळपासूनचे सगळे हुकूम त्याने एकदम पाळले. जाकिटाच्या डाव्या बाजूच्या इतक्या प्रती आल्या की टेबलाखाली ढीग झाला. यंत्राला शिस्त लागली, हे मुख्य.

९ नोव्हेंबर, दुपार
आजचा दिवस लक्षात राहणार.

पानांच्या कडेला, जिथे दुसरं पान चिकटवायचं, ती ठिपक्यांची रेघ छापताना कापली जात होती. लेकीला फोन. तिने बरंच सांगितलं. कागदाचं माप चुकीचं निवडलं गेलंय, ते एवढं करा, दुसरं काहीतरी शंभर टक्केच ठेवा, आणि आणखी एका ठिकाणी अजिबात हात लावू नका. मी मान हलवत होतो. फोनवर मान दिसत नाही, हा फोनचा दोष. शेवटी तिने विचारलं की कळलं ना बाबा. मी म्हटलं, तुझ्या जन्माआधीपासून.

मग स्वतःच्या डोक्याने शोधलं. एक खूण करायची चौकट होती, तिच्यासमोर लिहिलं होतं: 'पानात बसवा.' केली खूण. एका टिचकीत सगळं पानात! रेघा, ठिपके, आकडे, एक कण बाहेर नाही. जी गोष्ट लेकीला इतकं बोलून जमली नाही ती दोन शब्दांत झाली. लगेच सगळे आराखडे छापून टाकले.

बायकोने विचारलं, चौकोन मोजलात ना? मी हो म्हटलं. नजरेने मोजला होता. माझी नजर हेच प्रमाणित माप आहे.

१२ नोव्हेंबर
बायको कापतेय. शेजारी बसून देखरेख केली. आराखड्याच्या बाहेर सगळीकडे शिवणीत दुमडायला दोन-दोन बोटं जास्तीची माया सोडतेय. निव्वळ कापडाची नासाडी. मी म्हटलं, माप बिनचूक असताना एवढी माया कशाला? तिने सांगितलं की सवय आहे, मुलं वाढती असतात. इतकी वर्षं शिवणकाम करून मापावर विश्वास नाही. मी विषय सोडून दिला.

२० नोव्हेंबर, संध्याकाळ
शाळेत जाकिटं घालून बघायचा कार्यक्रम. मी मुद्दाम गेलो, छपाईबद्दल कुणी विचारलं तर उत्तर द्यायला कुणीतरी हवं.

एकाही पोराचं बटण लागलं नाही. एका मुलीने सूर लावायला हात वर केला आणि काखेत टर्रकन उसवलं. पोरं हसली. शिस्त नावाची चीज नाही. गायनाच्या बाईंनी कोरड्या आवाजात विचारलं की मापं तर तुम्ही स्वतः येऊन घेतली होती ना. बायको वाकून उसवलेली काख बघत होती. म्हणून मीच सांगितलं की हल्लीची मुलं दिवसरात्र अरबट-चरबट खातात, दोन आठवड्यांत सुटली असतील. बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्या डब्यातलं खाल्लंय. कार्यक्रम तीस तारखेला आहे, एवढंच त्या बायकोला म्हणाल्या.

परत येताना बायको पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती. मी तिला प्रिंटरच्या मागच्या झाकणाची गंमत सांगितली. हसली नाही.

२१ नोव्हेंबर
बायको सकाळपासून मशीनवर कापड टाकून बसलीय. म्हणाली की आता हात आणि डोळा दोन्ही गेले, लोकांचं कापड नासवण्यापेक्षा बंद केलेलं बरं. बाईंना सोमवारी फोन करून ऑर्डर परत करते. मशीन लेकीकडे पाठवून देऊ का, असं विचारत होती.

मी समजूत घातली. म्हटलं, वय झालं की होतं असं, मनाला लावून घेऊ नये, माझ्यासारखा तल्लखपणा सगळ्यांचा टिकत नाही. ती उठून आत गेली. पटलं असावं.

२२ नोव्हेंबर, सकाळ
तिच्या मनाला शांतता मिळावी म्हणून, तिचा हात नेमका किती चुकतो याचा शास्त्रीय अहवाल करायचं ठरवलं. ऑफिसातली माझी पोलादी पट्टी काढली. मखमलीच्या पिशवीत आहे. निरोप समारंभाला मिळाली.

जाकिटं उलटी करून त्यांच्यावर आराखडे ठेवून तपासले. माया सोडली तर रेघ रेघेवर. केसाचाही फरक नाही. डावा, उजवा, पाठ, सगळं. ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी हे कापलंय? आश्चर्य आहे.

मग सहज चौकोन मोजला.

चार पूर्णांक सात.

पट्टी उलटी करून मोजला. चार पूर्णांक सात. बायकोची टेप लावली. लेकीच्या जुन्या कंपासमधली तुटकी पट्टी शोधून लावली. तिन्हींचं एकमत.

दुपार
विचार केला. तीन मिलिमीटर म्हणजे असं काय मोठं? पण ते एका चौकोनात. छातीच्या घेरात ते वाढत जातं, हे मला कुणी शिकवायची गरज नाही, मीच शिकवत असे. एका कापड दुकानाचा मीटर यापेक्षा कमी तफावतीसाठी जप्त केला होता. दुकानदार म्हणत होता की मुद्दाम केलं नाही साहेब. सगळेच म्हणतात.

'पानात बसवा' म्हणजे सगळं चित्र लहान करून बसवा. मग तसं लिहावं की स्पष्ट! लिहिणारा गाढव आहे.

बायकोला सांगायला हवं. आज नको. तिचं डोकं दुखतंय. शिवाय मलाही जळजळ होतेय.

२३ नोव्हेंबर, रविवार
तिचं डोकं दुखायचं थांबलंय. पण भाजी निवडतेय, मध्येच कसं सांगायचं. मग सर्वज्ञ आले. मग ते गेले. मग अंधार पडला.

२४ नोव्हेंबर, सोमवार
ती फोन हातात घेऊन नंबर शोधत होती. मी म्हटलं, थांब, प्रिंटरने घोळ केलाय. तिने विचारलं, काय घोळ? मी म्हटलं, त्याने लहान छापलं. आपणहून? असं तिने विचारलं.

मग सांगितलं. सगळं. खूण केलेली, लेकीचं न ऐकलेलं, चौकोन न मोजलेला. तुझा हात कुठेच चुकलेला नाही हेही सांगितलं, पट्टीवर दाखवलं. वाटलं होतं चिडेल. ती चिडली नाही. एवढंच म्हणाली की मी चार दिवस माझ्याच हातांकडे बघत बसले होते, आणि तुम्हाला हे कधी कळलं? मी म्हटलं, परवा. ती परवा हा शब्द पुन्हा एकदा म्हणाली. मी पायांकडे बघत होतो. मला फार वाईट वाटलं, ते इथे लिहून ठेवतो.

मग तिने मशीनवरचं कापड काढलं. एक जाकीट उलटं केलं, शिवण बोटांनी चाचपली. दोन्ही बाजूंना, खांद्याला, खाली, सगळीकडे दोन बोटं माया. म्हणाली, एवढी माया सोडली की सगळी मापात येतील. उसवायला बसा.

२७ नोव्हेंबर
उसवतोय.

२८ नोव्हेंबर
उसवतोय. बोटाला ब्लेड लागलं. सर्वज्ञही उसवायला आले. माझ्यापेक्षा भरभर करतात. बोललो नाही.

३० नोव्हेंबर
सगळ्यांची बटणं लागली. हात वर करून गायले, एकही टाका सुटला नाही. गायनाच्या बाईंनी बायकोला नवी ऑर्डर दिली, दुसऱ्या शाळेची. मला नमस्कार केला, पण लांबून.

४ डिसेंबर
नव्या ऑर्डरचा आराखडा छापला. मॅन्युअल वाचून. कागदाचं माप बघितलं, ती खूण काढून टाकली, शंभर टक्के ठेवले. पान बाहेर आल्याबरोबर पोलादी पट्टी लावून चौकोन मोजला आणि बायकोला हाक मारून सांगितलं की पाच भरतोय, बरोबर पाच.

ती आली. बरं म्हणाली. माझ्या हातातली पट्टी घेतली, चष्मा लावला आणि माझ्यासमोर पुन्हा मोजला.